एक चेंडू, सतरा कागद

मे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात इंदूरहून ताईचा फोन आला. तिच्या मुलाची दहावीची परीक्षा झालेली. चिरंजीवांनी घरात जाहीर करून टाकलं होतं, की आपल्याला ॲनिमेशन शिकायचंय. एका क्लासचं गुळगुळीत माहितीपत्रकही त्यानं कुठूनसं मिळवलं होतं. वर उडता राक्षस, खाली ‘नोकरीची हमी’ आणि आतल्या पानावर फीचा आकडा. हा आकडा ताईच्या पाच महिन्यांच्या पगाराएवढा होता. भावोजींचं म्हणणं, मुकाट्यानं सायन्स घे. मुलगा दोन दिवस जेवायला नीट बसत नव्हता.

‘‘तू साप्ताहिकात लिहितेस ना, मग तूच सांग. पैसे भरू की नको?’’ ताई म्हणाली.

वर्तमानपत्राचा डिप्लोमा केलेल्या माणसाला जगातलं सगळंच कळतं, हा आमच्या घरातला जुना गैरसमज आहे. मी म्हटलं, ‘‘त्याला पंधरा दिवस माझ्याकडे पाठव. पैसे त्यानंतर बघू.’’

खरं सांगायचं तर मलाही या विषयातलं फारसं काही येत नव्हतं. पण एवढं ठाऊक होतं, की ॲनिमेशन शिकणाऱ्यांना पहिल्या दिवशी राक्षस काढायला देत नाहीत. त्यांना चेंडू काढायला देतात. साधा, उसळणारा चेंडू. आणि त्याला कागद-पेन्सिलीपलीकडे काही लागत नाही.

वाचकहो, तुमच्याही घरात वहीच्या कोपऱ्यात चित्रं काढून पानं फडफडवणारं एखादं मूल असेलच. म्हणून आमच्या पंधरा दिवसांची हकीकत जरा तपशिलानं सांगते.

सामान काय लागलं? पातळ कागदाचं एक लहान पॅड, मऊ पेन्सिल, खोडरबर, पट्टी आणि शर्टाचं एक बटण. पानं एका बाजूनं घट्ट धरलेली हवीत, नाहीतर चित्र हलतं आणि चेंडूऐवजी सगळी जमीनच उसळायला लागते. स्टुडिओत यासाठी कागदांना भोकं पाडून ते खुंट्यांवर बसवत. आपण ऑफिसातल्या पंचानं दोन भोकं पाडून फाइलच्या पट्टीत अडकवले तरी चालतात. आणखी एक युक्ती म्हणजे पहिलं चित्र पॅडच्या सगळ्यात शेवटच्या पानावर काढायचं आणि तिथून पुढे-पुढे यायचं. म्हणजे वरच्या पानातून खालचं चित्र अंधूक दिसतं आणि त्यावरून पुढचं काढता येतं.

भाचा आला तो मोबाइल घेऊनच. ‘‘मावशी, यात ॲप आहे. कागद कशाला?’’ मी म्हटलं, ‘‘तुझं ॲप राहू दे खिशात. शेवटी लागेलच ते.’’ तोंड वाकडं करून तो बसला खरा. अर्ध्या तासात वीस पानं भरून त्यानं माझ्यासमोर फडफडवली. चेंडू वरून खाली आला, पुन्हा वर गेला, पण उसळला काही नाही. तो लिफ्टमध्ये बसून तळमजल्यावर उतरल्यासारखा उतरला आणि तसाच परत वर गेला. शिवाय पहिल्या पानावर बटणाएवढा असलेला चेंडू विसाव्या पानावर लिंबाएवढा झाला होता.

आजी म्हणजे माझी आई. कोथिंबीर निवडता निवडता तिनं चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाली, ‘‘अरे, हा पडतोय कुठे? हा तर उतरतोय.’’

रोगाचं निदान तिनं एका वाक्यात केलं होतं. भाच्यानं सगळी अंतरं सारखी ठेवली होती. दर पानावर चेंडू तेवढाच खाली. पण पडणारी वस्तू सारख्या वेगानं पडत नाही, तिचा वेग वाढत जातो. सारख्या वेळात ती जी अंतरं कापते, ती 1, 3, 5, 7 अशा प्रमाणात वाढतात, हे गॅलिलिओनं चारशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलं आहे. दहावीच्या विज्ञानात गुरुत्वाकर्षण आहेच. भाच्यानं सूत्र घडाघडा म्हणून दाखवलं. आता हेच सूत्र पट्टीनं कागदावर मोजायचं होतं.

आम्ही एक चौकट अर्धा सेंटिमीटर धरली. चेंडू जमिनीपासून 16 चौकटी, म्हणजे 8 सेंटिमीटर उंचीवर. मग दुसऱ्या चित्रात तो 1 चौकट खाली, तिसऱ्यात आणखी 3, चौथ्यात 5, पाचव्यात 7. बेरीज बरोबर 16, चेंडू जमिनीला टेकला. आता वर जाताना हाच हिशेब उलटा, कारण वर जाणारी वस्तू मंदावत जाते. 5, 3 आणि 1, म्हणजे 9 चौकटींची उसळी. तसंच परत खाली, 1, 3, 5. पुढची उसळी 4 चौकटींची, तिसरी 1 चौकटीची आणि चेंडू थांबला. मोजून पाहा, बरोबर सतरा चित्रं होतात. दर चित्रात चेंडू तीन मिलिमीटर बाजूलाही सरकवायचा. म्हणजे त्याचा मार्ग आपोआप कमानीसारखा वळतो. (पदार्थविज्ञानाच्या पेपरात या उसळ्यांना पूर्ण गुण मिळणार नाहीत. खरा चेंडू दर वेळी आधीच्या उंचीचा साधारण ठरावीक हिस्साच उसळतो. पण डोळ्याला हे पटतं, आणि इथे परीक्षक डोळाच आहे.)

सिनेमाच्या पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी सरकतात. ॲनिमेशनवाले पुष्कळदा एकच चित्र दोन चौकटींना वापरतात, म्हणजे सेकंदाला 12 चित्रं. आमची सतरा चित्रं म्हणजे जेमतेम दीड सेकंदाचा खेळ! एवढ्यासाठी पोरगं सकाळी साडेनऊपासून जेवणवेळेपर्यंत मान खाली घालून बसलं होतं. पण पानं फडफडवली तेव्हा चेंडू पडला. खरोखर पडला. भाच्यानं ती पानं निदान तीस वेळा फडफडवली असतील. दार वाजवून आलेल्या इस्त्रीवाल्यालाही ती पाहावी लागली.

यानंतरचा भाग गमतीचा. चेंडू जमिनीवर आपटतो तेव्हा चपटा होतो आणि आपटण्याआधी वेगात किंचित लांबुळका दिसतो. हे ॲनिमेशनचं पहिलं तत्त्व समजतात, दबणं आणि ताणणं. नवशिक्याला एकदा हे कळलं, की तो चेंडूची भाकरीच करून टाकतो. भाच्यानंही केली. नियम असा, की चेंडूतलं सामान तेवढंच राहिलं पाहिजे. उंची कमी झाली तर रुंदी वाढलीच पाहिजे. आणि दबायचं ते फक्त जमिनीला टेकलेल्या चित्रात. वरच्या टोकाला, जिथे चेंडू क्षणभर रेंगाळतो, तिथे तो पुन्हा पूर्ण गोल.

मग मी त्याला म्हटलं, आता हेच वर्तुळ, हेच बटण घे, पण चेंडू सीझनचा कर. तो दबणार नाही. उसळेल तोही एकदाच, जेमतेम, आणि घरंगळत जाईल. नंतर फुगा कर. त्याला सतरा चित्रं पुरणार नाहीत, तो तरंगत येईल. वर्तुळ तिन्ही वेळा तेच. रेघेत फरक नाही, फरक फक्त अंतरात आणि वेळेत. तरी एक जड दिसतो, एक हलका, एक रबरी. वजन हे चित्रात नसून दोन चित्रांच्या मधे असतं, हे मला स्वतःला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं.

ही तत्त्वं कुणी शोधली, असं भाच्यानं विचारलं. ती एका माणसानं एका दिवशी शोधलेली नाहीत. 1930 नंतरच्या दशकात अमेरिकेत वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओतली मंडळी चुका करत, एकमेकांची चित्रं पाहत ती शिकत गेली. 1937 साली आलेला ‘स्नो व्हाइट’ हा त्याच शिकण्याचा परिपाक. पुढे फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या तिथल्याच दोन जुन्या चित्रकारांनी 1981 साली ‘द इल्युजन ऑफ लाइफ’ हा जाडजूड ग्रंथ लिहिला आणि त्यात बारा तत्त्वं नावानिशी मांडली. आज जगभर हीच बारा शिकवली जातात, कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांनासुद्धा. क्लासमधून ती पाढ्यासारखी पाठ करून घेतात असं ऐकते. माझ्या मते त्यात काही अर्थ नाही. झोपाळा न काढता ‘हळू सुरुवात, हळू शेवट’ पाठ करणं म्हणजे पोहण्याचं पुस्तक वाचणं.

आपल्याकडेही हा धागा जुना आहे. दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतल्या रोपाच्या वाढीची एकेक चौकट टिपून ‘अंकुराची वाढ’ केली आणि त्याच जोरावर आपल्या चित्रपटासाठी भांडवल उभं केलं. पुढे 1915 साली ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी चक्क काड्यापेटीतल्या काड्या नाचवल्या. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग सुरू झाला तेव्हा 1956 साली डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स तिथल्या मंडळींना शिकवायला आले. त्या शिकणाऱ्यांमध्ये राम मोहन होते. पुढे ज्यांना भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हणू लागले आणि 2014 साली ज्यांना पद्मश्री मिळाली, तेच हे राम मोहन. वीक्स यांच्या मार्गदर्शनाखाली झालेला ‘द बनियन डीअर’ हा जातककथेवरचा चित्रपट 1957 चा. आणि दूरदर्शनवर ‘एक अनेक और एकता’ न पाहता वाढलेलं मूल माझ्या पिढीत विरळाच! विजया मुळे यांनी दिग्दर्शित केलेला तो 1974 चा चित्रपट फिल्म्स डिव्हिजनचाच. भाच्याला तो दाखवला. पूर्वी त्यानं तो नुसता पाहिला असता, आता तो पक्ष्यांचे पंख मोजत होता.

तिसऱ्या दिवशी मात्र गाडी अडली. झोपाळ्याची पाळी होती. दोन टोकांची दोन चित्रं आधी काढायची, ही मुख्य चित्रं. मग बरोबर मधलं एक. त्यानंतर मधलं आणि टोक यांच्या मधलं, पुन्हा ते आणि टोक यांच्या मधलं, असं अर्धं-अर्धं करत टोकाकडे जायचं. त्यामुळे टोकाजवळ चित्रांची दाटी होते आणि झोपाळा तिथे रेंगाळतो. मध्यावर चित्रं विरळ, म्हणून तिथून तो सुसाट जातो. ऐकायला सोपं वाटतं. पण भाच्यानं मधली चित्रं दोन टोकांना जोडणाऱ्या सरळ रेघेवर काढली. झोपाळ्याची दोरी मध्यावर आली की आखूड व्हायची आणि टोकाला गेली की लांब. तीन वेळा काढलं, तीन वेळा तेच. चौथ्या वेळी पॅड भिंतीवर.

‘‘मला नाही जमत. बाबा म्हणतात तेच खरं.’’

मी काही बोलले नाही. मला ताईचे पाच महिन्यांचे पगार दिसत होते. मनात आलं, बरं झालं, दीडशे रुपयांच्या पॅडवर कळलं. आणि लगेच स्वतःचाच राग आला.

रात्री पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात दिवा. पोरगं टेबलाशी बसलेलं. हातात दोरा, दोऱ्याला तेच शर्टाचं बटण बांधलेलं. दोरा पेन्सिलीला अडकवून तो हलवत होता आणि बटण कुठून कुठे जातं ते कागदावर टिंबांनी नोंदवत होता. ‘‘मावशी, हे सरळ जातच नाही. हे खालून जातं.’’ मी ‘झोप आता’ असं म्हणून परत गेले. झोप मात्र मलाच लागली नाही.

हात, पाय, मान, झाडाची फांदी, बहुतेक सगळं कमानीतूनच फिरतं, सरळ रेघेत यंत्रं चालतात. मान डावीकडून उजवीकडे वळवून पाहा. मध्यावर हनुवटी किंचित खाली येते आणि बहुधा पापणीही मिटते. हे पुस्तकात वाचून मी घरातल्या सगळ्यांना माना वळवायला लावल्या होत्या. झोपाळा जमल्यावर भाच्यानं त्यावर एक ओढणी टाकली. झोपाळा थांबून उलट निघाला तरी ओढणीचं टोक अजून पहिल्याच बाजूला जात असतं. मागाहून येणं, असं त्याला म्हणता येईल. शेपटी, वेणी, पदर, कुत्र्याचे कान, सगळ्यांचा हाच धर्म. यात मधल्या चित्रांची मेहनत फार. स्टुडिओत नवीन माणसाला बहुधा हेच काम मिळत आलं आहे. मुख्य चित्रं अनुभवी हाताची, मधली नवशिक्याची. महिनोन्‌महिने मधली चित्रं. माहितीपत्रकावरच्या राक्षसानं हे काही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात पिठाची पिशवी घेतली. हाही जुना धडा, डिस्नेकडच्या शिकाऊंपासून चालत आलेला. अर्धी भरलेली पिठाची पिशवी काढायची. तिला डोळे नाहीत, तोंड नाही, फक्त चार कोपरे. तरी ती आनंदी, थकलेली, घाबरलेली दिसली पाहिजे. नशिबानं आमच्याकडे खरी पिशवी होती. गिरणीतून दळण आणायचं काम मी त्याच्यावर सोपवलं. त्यानं ती उचलून पाहिली, टाकून पाहिली, तिरकी धरून पाहिली. पीठ कसं खाली बसतं, वरचा भाग कसा लुळा पडतो, बूड कसं फुगतं. आईनं एकदा डोळे वटारले, कारण ओट्यावर पीठच पीठ झालं होतं. पण पिशवी बघितल्याशिवाय काढायची तरी कशी?

धडा असा होता, की बसलेल्या पिशवीनं उठून उभं राहायचं. इथे आणखी एक तत्त्व येतं, पूर्वतयारीचं. कुठलीही हालचाल आधी उलट दिशेला जाते. चेंडू फेकणारा हात आधी मागे जातो, उडी मारणारा आधी खाली बसतो. एवढं प्रेक्षकाला दाखवलं नाही, तर उडी केव्हा झाली हे त्याला कळतच नाही. भाच्याची पहिली पिशवी स्प्रिंग लावल्यासारखी टुणकन उठली. ‘‘ही तर शाळेची घंटा झाल्यासारखी उठली,’’ मी म्हटलं. तो काही बोलला नाही. पुढचे दोन दिवस तो नुसता बसून राहिला, पेन्सिल हातात न धरता. मला वाटलं, पुन्हा कंटाळला.

अकराव्या दिवशी संध्याकाळी त्यानं मोबाइल मागितला. एकेका पानाचा फोटो काढून ॲपमध्ये घातला, वेग सेकंदाला 12 चित्रांचा ठेवला आणि आम्हा दोघींना दिवाणावर बसवलं. चार सेकंदांचं चित्र. पिशवी भिंतीला टेकून बसलेली. तिनं एक कोपरा जमिनीवर टेकला. पुढे झुकली, उठली नाही, मागे आली. पुन्हा झुकली, पुन्हा मागे. मग दुसरा कोपरा स्वतःच्याच मांडीवर रोवून तिसऱ्या खेपेला वर आली. उभी राहिली, पण लगेच चालली नाही. क्षणभर थांबली, वरचं पीठ खाली बसलं, आणि मग तिनं पहिलं पाऊल टाकलं.

आई दोन वेळा बघून म्हणाली, ‘‘मेल्या, ही मी आहे ना?’’

तीच होती. दोन वर्षांपासून गुडघे दुखतात तेव्हापासून ती अशीच उठते, दोनदा झोका घेऊन तिसऱ्यांदा. मी रोज तिच्या समोर असते. मी ते पाहिलंच नव्हतं.

रात्री ताईला फोन केला. क्लासचे पैसे आत्ता भरू नकोस, असं सांगितलं. मुलाला येत नाही म्हणून नव्हे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या पदवीला प्रवेश बारावीनंतर मिळतो, शाखा कुठलीही चालते. मुंबईच्या आयआयटीतला अभ्यासक्रम तर पदवीनंतरचा. मधली दोन वर्षं त्याच्या हातात आहेत आणि चेंडू, झोपाळा, पिशवी यांना फी लागत नाही. ती चित्रफीत मी तिला पाठवली होती. ताई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘आईचे गुडघे एवढे दुखतात? मला कुणी सांगितलं नाही.’’

भावोजींनीही ती पाहिली असं कळलं. मत दिलेलं नाही. सायन्सचा फॉर्म आणून ठेवलाय, तो अजून भरलेला नाही. भाचा मात्र जाताना माझ्याकडचे दोन कोरे पॅड घेऊन गेला. पुढचा धडा चालण्याचा आहे. पाय टेकणं, शरीर खाली दबणं, दुसरा पाय ओलांडून पुढे येणं, शरीर वर उचललं जाणं, अशी एका पावलाची चार चित्रं. स्टेशनवर गाडीची वाट बघताना तो प्लॅटफॉर्मवरच्या हमालांकडे बघत होता. गाडी आली तरी त्याचं लक्ष नव्हतं, बॅग मलाच आत ढकलावी लागली.